छताचा पंखा बंद करून रेकॉर्डिंग: पीसीचा आवाज किती खाली आणता येईल?

दुपारचे_ऊन

घरी जुळवलेल्या पीसीवर मराठी कथावाचन रेकॉर्ड करायचे आहे. मशीन असे: रायझन ७ ७७०० (सोबत आलेला रेथ प्रिझम कूलर), बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५, आरटीएक्स ४०६०, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, १ टीबी एनव्हीएमई आणि ७२०० आरपीएमची ४ टीबी हार्ड डिस्क. कॅबिनेटला समोर जाळी. पुढे दोन, मागे एक असे १२० मिमीचे पंखे, तिन्ही तीन पिनांचे. सीपीयू कूलरसाठी १६० मिमी उंची मिळते असे कॅबिनेटच्या पत्रकात लिहिले आहे.

खोली अकोल्यात, वरच्या मजल्यावर. माइक चालू असताना छताचा पंखा आणि खिडकीतला कूलर दोन्ही बंद ठेवावे लागतात, मग पीसीचाच आवाज उरतो. तोही एकसारखा नाही. ब्राउझर उघडला की भर्रकन चढतो आणि दोन सेकंदांत उतरतो. मे महिन्यात दुपारी खोलीचे तापमान ४० ते ४२ अंश असते.

एवढ्या उष्म्यात प्रोसेसरला एअर कूलर पुरेल की पाण्याचा घ्यावा? अजिबात पंखा नसलेला कूलर चालेल का? आणि कॅबिनेटचे पंखे बदलावेत का? बजेट सहा हजार.

सोल्डरगन

कूलर विकत घेण्याआधी एक फुकटचे काम करा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये नवा प्लॅन करून त्याला ‘रेकॉर्डिंग’ नाव द्या आणि त्यात ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असे वाटेल, पण १०० च्या खाली गेले की प्रोसेसरचा बूस्ट (गरजेपुरता वाढवलेला वेग) बंद पडतो आणि ७७०० त्याच्या ३.८ गिगाहर्ट्झच्या मूळ वेगाच्या आसपास राहतो. एका माइकचा आवाज टिपायला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही. ब्राउझर उघडल्यावर होणारे भर्रकन बहुतेक इथेच संपेल.

ते भर्रकन का होते, तेही सांगतो. एखादे छोटे काम आले की रायझन एक-दोन गाभे (कोअर) ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत पळवतो आणि त्यासाठी व्होल्टेज चढवतो. गाभ्यांचा तुकडा नखाएवढा, सगळी उष्णता तिथे एका ठिकाणी निघते. त्यामुळे सेन्सरचा आकडा क्षणात १० ते १५ अंशांनी उडी मारतो. हीटसिंक (कूलरचा उष्णता शोषणारा धातूचा भाग) तेवढ्या वेळात कोमटसुद्धा झालेला नसतो, पण बोर्ड पंख्याला सेन्सरचा आकडा बघून पळवतो. म्हणजे उष्णता आलेलीच नसताना पंखा ओरडतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पंख्याच्या पानावर ‘स्टेप अप’, ‘स्टेप डाउन’ किंवा ‘हिस्टेरेसिस’ यांपैकी काहीतरी सापडेल. चढायचा आणि उतरायचा वेळ तिथे असेल तेवढा जास्त ठेवा. बोर्डात ही सोय तोकडी असेल तर ‘फॅन कंट्रोल’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर हेच काम जास्त बारकाईने करते.

दुसरे, वीज कमी खायला लावा. ७७०० वर ६५ वॅट लिहिलेले असले तरी सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत घेतो. या मर्यादेला पीपीटी म्हणतात. बायोसमध्ये ‘प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह’मध्ये ‘लिमिट्स’ मॅन्युअल करून पीपीटी ६० करा. काही बोर्डांना तो आकडा वॅटमध्ये लागतो, काहींना मिलिवॅटमध्ये. दुसऱ्या प्रकारच्या बोर्डात ६० लिहिले तर मशीन मुंगीच्या पावलाने चालेल, तिथे ६०००० लिहायचे. सगळे गाभे एकदम राबवणाऱ्या कामात थोडा वेळ जास्त लागेल, एरवी फरक जाणवणार नाही.

आता उष्म्याचे गणित. कूलर खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. तो फक्त प्रोसेसर आणि खोलीची हवा यांच्यातला फरक ठरवतो. २५ अंशांच्या खोलीत त्याच कामाला, त्याच आरपीएमवर ६५ अंश दिसत असतील तर ४२ अंशांच्या खोलीत ८२ धरा. ७७०० ची मर्यादा ९५ आहे आणि तिथे पोचल्यावर तो स्वतःच वेग उतरवतो, जळत वगैरे नाही. तेव्हा ८२ बघून घाबरू नका. ‘७० च्या आत राहिलेच पाहिजे’ या हट्टापायीच लोकांचे पीसी गिरणीसारखे वाजतात.

कूलर मात्र बदला. रेथ प्रिझमचा पंखा लहान असल्याने तेवढीच हवा ढकलायला त्याला फार वेगाने फिरावे लागते. १६० मिमीच्या आत बसणाऱ्यांत थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई (१५५ मिमी, दोन मनोरे, सहा हीटपाइप, दोन पंखे) तुमच्यासाठी सगळ्यात योग्य. त्याहून स्वस्तात डीपकूल एके४०० (तोही १५५ मिमी, एक मनोरा, चार हीटपाइप) ६० वॅटला पुरतो. नॉक्टुआ एनएच-डी१५ चे नाव सगळीकडे ऐकाल, पण तो १६५ मिमी आहे, तुमच्या कॅबिनेटची बाजू लागणार नाही. बी क्वाएटचा डार्क रॉक प्रो ४ सुद्धा १६२.८ मिमी, म्हणजे तोही बाद.

पंखा नसलेला कूलर या खोलीत नको. नॉक्टुआचा एनएच-पी१ १५८ मिमीचा आहे, म्हणजे बसेल. पण तो गरम हवा आपसूक वर जाण्यावर चालतो. खोलीच ४२ अंशांवर असताना हातात फारसे काही उरत नाही, आणि कॅबिनेटमधले पंखे तरीही लागतातच. शिवाय सहा हजारांत तो यायचा नाही. ५०० आरपीएमवर फिरणारा १२० मिमीचा पंखा एका हाताच्या अंतरावरून कान लावला तरच ऐकू येतो. तेवढा पंखा असू द्या.

मंद्र_सप्तक

वरचे सगळे बरोबर. आता माइकच्या बाजूने बघा, कारण कानाला शांत वाटलेले माइकला शांत असतेच असे नाही.

पहिली गोष्ट, आवाज कमी असण्याइतकेच त्याने न हलणे महत्त्वाचे. एकसारखा ‘सूं’ नंतर सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी काढता येतो. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून खोलीचा आवाज टिपून ठेवायचा आणि तोच नमुना नॉइज रिडक्शनला द्यायचा. चढउतार होणारा पंखा मात्र त्या नमुन्यात बसत नाही, आणि काढायला गेलात तर शब्दांच्या शेपट्या कापल्या जातात. ‘ह’, ‘स’, ‘श’ आधी मरतात, कथावाचनात ते लगेच कळते. म्हणून रेकॉर्डिंगपुरते सगळे पंखे ठरावीक आरपीएमवर बांधून टाका, तापमानाप्रमाणे पळूच देऊ नका. फॅन कंट्रोलमध्ये त्यासाठी वेगळी प्रोफाइल करून ठेवता येते. बूस्ट बंद असताना उष्णता इतकी कमी असते की तासाभराच्या वाचनात काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, पंख्याचा सूर. पात्यांची संख्या गुणिले आरपीएम भागिले ६०. सात पात्यांचा पंखा ९०० आरपीएमवर १०५ हर्ट्झचा सूर देतो, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाच्या पट्टीत. ८० हर्ट्झखालचे कापणारा फिल्टर लावून तो जात नाही. ६०० वर आणला की तोच सूर ७० हर्ट्झवर उतरतो आणि फिल्टरच्या तावडीत येतो. दोन पंखे जवळजवळ सारख्या वेगाने फिरत असतील, समजा ९०० आणि ९०५, तर दोन सुरांची टक्कर होऊन दर पावणेदोन सेकंदांनी आवाज फुगतो आणि बसतो. तंबोऱ्याची जोडी किंचित बेसूर असली की जे ऐकू येते तेच हे. तानपुऱ्याला जुळवता तरी येते, पंख्यांना नाही. एकाचा वेग शंभरेक आरपीएमने वेगळा ठेवा.

तिसरी गोष्ट तुमची हार्ड डिस्क. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणजे १२० हर्ट्झची सलग घरघर. ती पत्र्यातून कॅबिनेटला, कॅबिनेटमधून टेबलाला आणि टेबलावरून माइकच्या स्टँडला पोचते. कूलर कितीही भारी घ्या, हिचा आवाज तसाच राहणार. आतून काढा, यूएसबीच्या खोक्यात घाला आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वायर उपसून ठेवा. पंधरा मिनिटांनी झोपवायचे सेटिंग नको, कारण नेमके भरात असताना विंडोज तिला जागे करते.

माइक कार्डिओइड असेल तर त्याची पाठ पीसीकडे करा, मागून येणारे तो सगळ्यात कमी ऐकतो. पीसी टेबलावरून खाली, शक्य तितका दूर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंतींमुळे तेवढा फायदा मिळत नाही, पण मिळतो. माइकची एक्सएलआर वायर पाच-दहा मीटर सहज चालते, त्यामुळे जमत असेल तर पीसी आणि ऑडिओ इंटरफेस शेजारच्या खोलीत ठेवून फक्त माइकची वायर आत आणा. यूएसबी २.० ची साधी वायर पाच मीटरच्या पुढे नेऊ नका.

मोजायचे कसे? तुम्ही नेहमी बोलता तेवढाच गेन ठेवा, दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि तिची आरएमएस (एक प्रकारची सरासरी) पातळी बघा. एसीएक्स ही ऑडिओबुक प्रकाशित करणारी वेबसाइट उणे ६० डेसिबलच्या खाली मागते. तुमच्या वाचनाला हेच माप धरून चाला.

एक_घोट_पाणी

मी २४० मिमीचा पाण्याचा कूलर सुचवेन. पाणी हळू तापते, त्यामुळे क्षणिक उड्यांना पंखे प्रतिसादच देत नाहीत. ४२ अंशांत राखीव ताकदही हाताशी राहते. सहा हजारांत साधे मॉडेल मिळते.

सोल्डरगन

पाणी हळू तापते हे खरे, आणि २५३ वॅटपर्यंत जाणारा आय७-१४७००के असता तर मीही तेच म्हटले असते. पण इथे ६० वॅट आहेत. पाण्याच्या कूलरमध्ये पंप सतत फिरतो, प्रोसेसर रिकामा असला तरी. त्याचा सूर पंख्याच्या ‘सूं’पेक्षा उंच आणि टोकदार, मंद्र_सप्तक यांनी सांगितलेल्या हिशेबाने माइकला नको तो. पंख्यासारखा तो वाटेल तितका हळूही करता येत नाही. उड्यांचा प्रश्न ९९ टक्क्यांच्या प्लॅनने आणि चढायचा वेळ वाढवून फुकटात सुटतो.

आणखी एक. नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षे थोडे थोडे उडून जाते, उष्ण जागी जास्त. आत हवेचा बुडबुडा होतो. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच नसेल तर तो बुडबुडा पंपात अडकून गुळगुळ आवाज येतो. एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखा फक्त पंखा, आणि तो दोन तारेच्या चिमट्यांनी निघतो.

राखीव ताकदीबद्दल: ती पंख्यांच्या संख्येतून घ्या, वेगातून नको. आरपीएम निम्मे केले की एका पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने खाली येतो, आणि तसाच दुसरा पंखा लावला तर फक्त ३ डेसिबल वाढतो. दोन हळू पंखे एका वेगवानापेक्षा नेहमी परवडतात.

दुपारचे_ऊन

९९ टक्क्यांचा प्लॅन लावला, भर्रकन थांबले. पीअरलेस असॅसिन घ्यायचा ठरवतो आहे. तीन अडचणी. रॅमला उंच पत्रा आहे, पट्टीने ४४ मिमी भरला. बायोसमध्ये कॅबिनेटचे पंखे कितीही खाली ओढले तरी पूर्ण वेगानेच फिरतात. आणि एएम५ वर (७७०० च्या सॉकेटवर) कूलर बसवताना मागची पट्टी पडते का?

सोल्डरगन

रॅम मोजलीत ते बरे केलेत. या कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या वर येतो. ४४ मिमीला तो चिमट्यांवर वर सरकवावा लागेल, आणि जितका सरकेल तितकी एकूण उंची वाढेल. १५५ मध्ये ५ मिमीहून जास्त मिळवले की तुमचे १६० संपले. मग दोन वाटा. एक, पुढचा पंखा काढून फक्त मधला ठेवायचा. ६० वॅटला चालतो, आणि आवाजही एका पंख्याचाच. दुसरी, एके४०० घ्यायचा. त्याचा एकच मनोरा सडपातळ आहे, रॅमवर अतिक्रमण करत नाही. तुमच्या जागी मी एके४०० घेऊन उरलेल्या पैशांत कॅबिनेटचे पंखे बदलले असते.

पंखे पूर्ण वेगाने फिरतात कारण ते तीन पिनांचे आहेत आणि बोर्डाचा हेडर (पंख्याची वायर लागते ती जागा) पीडब्ल्यूएम मोडमध्ये आहे. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट सतत मिळतात आणि चौथ्या तारेवरून किती पळायचे ते कळते. तीन पिनांच्या पंख्याला ती तारच नाही, म्हणून त्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळत राहतात. त्या हेडरला डीसी मोड द्या, मग व्होल्टेज कमी होऊन वेग उतरेल. मात्र ५ व्होल्टच्या आसपास बरेच पंखे सुरूच होत नाहीत किंवा टक-टक करत अडकतात. डीसीवर ४५ टक्क्यांपासून सुरुवात करून खाली या, आणि दर खेपेला मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करून बघा. फिरता पंखा कमी व्होल्टवर चालू राहील, थांबलेला उठेलच असे नाही. ५०० आरपीएमवर स्थिर राहणारे चार पिनांचे पंखे घेतले तर ही कटकट नाही. पुढचे दोन एका स्प्लिटरवर चालतील. हेडर सहसा १ अँपिअरचा असतो आणि असा पंखा ०.१ ते ०.२ अँपिअर घेतो. स्प्लिटरवर बोर्डाला एकाच पंख्याचा वेग दिसतो, दुसरा बंद पडला तर कळणार नाही, तेवढे डोळ्यांनी बघत जा.

एएम५ वर मागची पट्टी सॉकेटलाच जखडलेली असते, पडत नाही. ती एएम४ ची गंमत. जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटे चालवा म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट मऊ होईल. मग वीज काढून, चिमटा सोडून, कूलर किंचित डावी-उजवीकडे फिरवत उचला. प्रोसेसर सॉकेटच्या चौकटीत दाबलेला असतो, त्यामुळे तो सोबत उपटून येत नाही. कुठलीही जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्लास्टिकच्या दोन कमानी चार स्क्रूंनी निघतात, त्याच भोकांत नव्या कूलरच्या पट्ट्या बसतात. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा ठिपका आणि चार बाजूंना मोहरीएवढे चार. कडेच्या खाचांत थोडी पेस्ट उतरली तरी बिघडत नाही, साधी पेस्ट वीज वाहून नेत नाही. कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढा. तो तसाच ठेवून ‘कूलर खराब आहे’ म्हणणारे दर महिन्याला एक तरी सापडतात. दोन्ही स्क्रू आलटून पालटून, दोन-दोन फेरे. एक आधी पूर्ण कसला तर कूलर तिरका दाबला जातो, पेस्ट एका बाजूला पळते आणि तापमान दहा अंश जास्त दिसते.

सीपीयू पंख्याची रेघ (किती तापमानाला किती वेग) अशी ठेवा: ७० अंशांपर्यंत ३० टक्के, ८० ला ४५, ८८ ला ७०, ९५ ला १००. ७० पर्यंत रेघ अगदी सपाट हवी. पुढचे-मागचे पंखे सीपीयूच्या तापमानाला बांधूच नका, बोर्डाच्या सेन्सरला बांधा किंवा स्थिर ठेवा.

४०६० ला हात लावू नका. बहुतेक कंपन्यांच्या कार्डांचे पंखे हलक्या कामात थांबलेलेच असतात. फक्त वेव्हफॉर्म सरकताना कार्डातून बारीक किर्र आवाज आला तर तो कॉइलचा. मॉनिटरचा रिफ्रेश दर ६० हर्ट्झवर आणून बघा.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, खिडकीतल्या कूलरबद्दल कोणी बोलले नाही. रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा तास तो लावून खोली गार करता येते, पण त्याचा झोत कॅबिनेटवर नको. ओल्या हवेने पाणी साचेल ही भीती खरी नाही. पीसीचे भाग खोलीपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव धरत नाही. खरा त्रास तुषारांचा. बोअरच्या जड पाण्याचे बारीक थेंब झोतासोबत उडतात आणि वाळून पांढरा क्षार मागे राहतो. त्यात आपल्याकडची धूळ मिसळली की हीटसिंकच्या पात्यांवर लिंपण होते, ते फुंकून निघत नाही, ब्रश आणि अल्कोहोल लागते.

पुढच्या जाळीवर फिल्टर हवाच. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे पुढचे दोन पंखे मागच्या एकापेक्षा हळू चालले तरी मिळून भारी पडतील. मग हवा फटींतून आत ओढली जाण्याऐवजी बाहेर जाते आणि धूळ फिल्टरवरच अडते. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवा, पूर्ण वाळवूनच लावा. फिल्टर तुंबला की पंखा तोच, आरपीएम तेच, पण आवाजाचा पोत बदलतो, हवा शिट्टीसारखी ओढली जाते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरा, नाहीतर तो सुसाट फिरून बेअरिंगची वाट लागते.

कॅबिनेट खाली ठेवताना गादी किंवा सतरंजीवर नको. पॉवर सप्लाय खालून हवा घेतो, त्याचे तोंड बंद होईल आणि एरवी गप्प असलेला त्याचा पंखा पळायला लागेल. घरातला जेवायचा पाट उत्तम, त्याच्या चार पायांखाली रबराचे तुकडे लावा. फरशीची धूळही चार बोटे खाली राहते आणि थरथर फरशीत उतरत नाही.

आणि खोली बंद करून बसणार असाल तर लक्षात ठेवा, बसलेला माणूसही साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. बूस्ट बंद केलेल्या पीसीपेक्षा ती काही कमी नाही. दर वीस मिनिटांनी दार उघडा.

दुपारचे_ऊन

एके४००, चार पिनांचे तीन पंखे आणि डिस्कसाठी खोके मागवले. पाट घरात आहेच. स्प्लिटरवरचे पुढचे दोन पंखे एकमेकांपेक्षा वेगळ्या वेगाने कसे चालवायचे?

सोल्डरगन

स्प्लिटरवर नाही जमत, दोघांना तोच हुकूम जातो. बोर्डावर दुसरा सिस्टम फॅन हेडर असेल तर एकेक वेगळा जोडा. नसेल तर एका पंख्याच्या तारेत वेग कमी करणारी रोधकाची छोटी वायर घाला, आणि तिच्यासकट तो थंड मशीनवर सुरू होतो का ते आधी बघा.